बोललेलं मनाला का लागतं? : वर्गात, घरात आणि शिक्षक-पालकांच्या बोलण्यात



मधली सुट्टी संपवून वर्गात पाऊल टाकलं की प्राथमिक शिक्षकाला पहिली पाच मिनिटं न्यायाधीश व्हावं लागतं. "बाई, हा मला जाड्या म्हणाला." "सर, तिने मुद्दाम धक्का दिला." "बाई, त्या दोघी माझ्याकडे बघून हसतात." आपल्याला गणिताचा तास सुरू करायचा असतो, फळ्यावर उदाहरण अर्धं लिहिलेलं असतं. मग तोंडून निघून जातं, "जाऊ दे रे, मनावर घेऊ नको. बस खाली." तक्रार आपल्यापुरती मिटते, पण त्या मुलाच्या मनातून ती जात नाही. तासभर ते मूल वहीत मान घालून बसतं आणि आपल्याला वाटतं, आज याचं लक्ष का नाही?

मोठ्यांचं तरी वेगळं कुठे आहे? स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत नाव दोन ओळी खाली गेलं म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य कार्यक्रमाला येत नाहीत. पालकांच्या ग्रुपवर भल्या मोठ्या प्रश्नाला नुसतं 'ओके' आलं, की दोन दिवस चर्चा चालते. म्हणून आज हा विषय घेऊ या: माणसाला दुसऱ्याच्या बोलण्या-वागण्याचा राग का येतो? कोणता राग समजुतीने सुटतो? आणि कोणत्या वेळी "मनावर घेऊ नको" असं म्हणणं चुकीचं ठरतं?

१) लागतो तो शब्द नाही, त्यातून कळलेली किंमत

'वेडा' हा एकच शब्द घ्या. आजी नातवाच्या डोक्यावरून हात फिरवत "वेडाच आहेस" म्हणते, तेव्हा नातू आणखी जवळ सरकतो. तोच शब्द वर्गात चारचौघांसमोर, उत्तर चुकल्यावर ऐकू आला तर डोळ्यांत पाणी येतं. शब्द तोच आहे. फरक पडतो तो एका प्रश्नाच्या उत्तरात: या माणसांमध्ये माझी किंमत काय?

आपली भाषाच बघा ना. दुखावलेला माणूस म्हणतो, "मला कोणी मोजतच नाही." "माझी काडीची किंमत ठेवली नाही." लग्नातला मानपान आठवा. टॉवेल-टोपी कितीची असते? घरी जाऊन ती टोपी कोणी घालतही नाही. पण रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या पाहुण्यांना टोपी मिळाली आणि एक काका राहिले, तर ते काका वर्षानुवर्षं ती गोष्ट विसरत नाहीत. त्यांना टोपी नको असते. आपण मोजले गेलो नाही, हे त्यांना लागलेलं असतं.

हे फक्त मानापमानाचं खूळ आहे असंही समजू नका. 2003 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना संगणकावर चेंडू झेलण्या-फेकण्याचा साधा खेळ दिला आणि काही वेळाने बाकीच्या दोन खेळाडूंनी चेंडू त्यांच्याकडे टाकणंच बंद केलं. खरं तर ते खेळाडू संगणकच चालवत होता. तरीही खेळातून वगळलं गेल्यावर त्या माणसांच्या मेंदूत असा एक भाग जास्त काम करताना दिसला, जो शरीराला दुखतं तेव्हाही काम करतो. अनोळखी माणसांनी, क्षुल्लक खेळात वगळलं तरी एवढं होतं. मग रोज ज्यांच्या शेजारी डबा खायचा त्या मैत्रिणींनी "तू आमच्यात नाहीस" म्हटल्यावर सात वर्षांच्या मुलीचं काय होत असेल?

२) मधली रिकामी जागा आपण भरतो

समजा, सकाळी व्हरांड्यात मुख्याध्यापकांना नमस्कार केला आणि ते काही न बोलता पुढे गेले. एवढीच घटना आहे. आता तीन शिक्षक तीन अर्थ लावतात. पहिले म्हणतात, "त्यांना ऐकू आलं नसेल." दुसऱ्यांना वाटतं, "काहीतरी टेन्शनमध्ये दिसतात." तिसऱ्यांच्या मनात येतं, "काल मी बैठकीत बोललो ना, त्याचा राग काढतायत." तिसऱ्यांचा पूर्ण दिवस खराब जातो. घटना तिघांसाठी एकच होती.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा हाच आहे. ही पद्धत मराठी वाचकांपर्यंत पोहोचवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला विचार असतो, असं एलिस सांगतात. तो इतका झटकन येऊन जातो की आपल्याला दिसतच नाही. म्हणून आपण म्हणतो, "त्याने मला राग आणला." प्रत्यक्षात त्याचं वागणं आणि आपण लावलेला अर्थ, दोन्ही मिळून राग तयार झालेला असतो.

एलिस आणखी एक फरक दाखवतात. "लोकांनी माझ्याशी नीट बोलावं" ही इच्छा झाली. "लोकांनी माझ्याशी नीट बोललंच पाहिजे" हा हट्ट झाला. इच्छा पूर्ण झाली नाही तर वाईट वाटतं. हट्ट पूर्ण झाला नाही तर संताप होतो आणि समोरचा माणूसच वाईट ठरतो. या एका 'च' ने घराघरांत किती भांडणं लावली असतील, विचार करा.

३) बोलणाऱ्याला वाटतं, कळलं असेल

नाण्याला दुसरी बाजू आहे. ऐकणारा जास्तीचा अर्थ लावतो तसा बोलणारा आपलं म्हणणं समोर पोहोचलं असं धरूनच चालतो. याचा एक मजेदार प्रयोग एलिझाबेथ न्यूटन यांनी 1990 मध्ये अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केला. एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, साधारण निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 पैकी फक्त 3 ओळखली गेली!

कारण सोपं आहे. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं वाजत असतं, ऐकणाऱ्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते. आपल्या बोलण्याचंही असंच होतं. ग्रुपवर आपण लिहितो, "उद्या वही पूर्ण करून पाठवा." आपल्या डोक्यात साधा, मऊ स्वर असतो. तो स्वर मेसेजमध्ये जात नाही. दिवसभर शेतात राबून आलेली आई रात्री नऊला तो वाचते आणि तिला वाटतं, बाई आपल्याला बोलल्या.

त्यात पुन्हा भाषेची गंमत. मालवणी बोलणाऱ्या घरात आजी-आजोबांना सहज 'तू' म्हणतात, त्यात अनादर मुळीच नसतो. ज्या घरात थोरल्या भावालाही 'तुम्ही' म्हणायची रीत आहे, तिथे हाच 'तू' कानाला खटकतो. बदली होऊन नव्या जिल्ह्यात गेलेल्या शिक्षकांनी हे अनुभवलेलं असेल. पहिलीतलं मूल आपल्याला "बाई, तू कधी आलीस?" असं विचारतं, तेव्हा ते घरची भाषा बोलत असतं. ते उद्धट नसतं.

आणि निरोप्यांना विसरून चालणार नाही. "ती तुझ्याबद्दल काय म्हणत होती माहितीये?" इथून सुरू होणाऱ्या भांडणांत मूळ वाक्य कोणालाच आठवत नसतं. 'ध' चा 'मा' झालेला असतो.

४) मुलांना हेतू कधी कळायला लागतो?

डी.एड.ला पियाजे आपण सगळ्यांनी पाठ केला. 1932 च्या त्यांच्या पुस्तकातली कपांची गोष्ट इथे फार उपयोगी आहे. एका मुलाने जेवायला जाताना दार उघडलं, दारामागे कप आहेत हे त्याला माहीत नव्हतं, 15 कप फुटले. दुसऱ्या मुलाने आई नसताना चोरून जॅम काढायला हात घातला आणि 1 कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं बहुतेक वेळा म्हणतात, पहिला. कारण 15 कप फुटले! मोठी होत जातात तशी मुलं हेतूकडे बघू लागतात.

म्हणजे पहिलीतलं मूल "याने मला मुद्दाम पाडलं" असं म्हणतं, तेव्हा ते खोटं बोलत असतंच असं नाही. मला लागलं, खूप लागलं, म्हणजे त्याने वाईटच केलं, असा त्याचा हिशेब असतो. हेतू वेगळा आणि परिणाम वेगळा, हे त्याला शिकवावं लागतं. जोडाक्षरं शिकवतो तसंच.

पण काही मुलं मोठी झाली तरी त्यांना प्रत्येक धक्क्यात वैरच दिसतं. केनेथ डॉज यांनी 1980 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसरी, चौथी आणि सहावीच्या मुलांचं जुळवत आणलेलं कोडं दुसऱ्या कोणीतरी मोडलं अशी परिस्थिती तयार केली. मुद्दाम मोडलं हे स्पष्ट असेल तेव्हा शांत आणि भांडखोर अशी दोन्ही प्रकारची मुलं चिडली. चुकून मोडलं हे स्पष्ट असेल तेव्हा दोन्ही प्रकारच्या मुलांनी समजून घेतलं. फरक दिसला तो हेतू स्पष्ट नसताना. तेव्हा शांत मुलांनी "चुकून झालं असेल" असं धरलं, आणि भांडखोर मुलं "मुद्दामच केलं" असं धरून वागली.

1990 मध्ये डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा दुवा दाखवला. लहानपणी घरी मारहाण सोसलेल्या मुलांमध्ये असा वाईट अर्थ लावण्याची सवय जास्त आढळली. विचार केला तर पटतं. ज्या घरात हात कधी उगारला जाईल सांगता येत नाही, तिथे मूल सतत सावध राहायला शिकतं. ती सावधगिरी त्याला घरी वाचवते आणि वर्गात भांडखोर ठरवते. तेव्हा आपल्या वर्गातल्या 'चिडक्या' मुलाला ओरडण्याआधी एवढं मनात आणा, की त्याला जग असंच दिसत असेल.

५) खरं बोललेलंही लागतं

"खाई त्याला खवखवे" असं आपण म्हणतो. टोमणा सगळ्यांना एकसारखा लागत नाही. जिथे आधीच दुखरी जागा आहे तिथे तो लागतो. उत्तम धावणाऱ्या मुलाला "तू हळू पळतोस" म्हणा, तो हसेल. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला "नीट वाच" एवढं म्हटलं तरी त्याचा चेहरा उतरतो.

पालकांच्या बाबतीत हे फार जपावं लागतं. "घरी जरा अभ्यास घेत जा" हे वाक्य आपण पालकसभेत दहा जणांना म्हणतो. ज्या वडिलांना चौथीतच शाळा सोडून कामाला जावं लागलं, त्यांना ते कसं ऐकू येत असेल? "तुम्हाला येत नाही" असं. मग ते पुढच्या सभेला येत नाहीत आणि आपण म्हणतो, पालकांना काळजीच नाही. त्यापेक्षा "रोज दहा मिनिटं तिला मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही नुसतं ऐका" असं म्हटलं, तर काम तेच होतं आणि वडिलांची मान खाली जात नाही.

आणखी एक सवय तपासून बघू. एका मुलाला ऐकवायचं म्हणून दुसऱ्याला बोलणं, म्हणजे लेकी बोले सुने लागे. "काही जणांना घरून वह्यासुद्धा मिळत नाहीत वाटतं!" हे नाव न घेता बोललेलं वाक्य ज्याच्याकडे खरंच वही नाही त्यालाच लागतं, आणि वर्गातल्या सगळ्यांना कळतं की ते कोणासाठी होतं.

६) पण प्रत्येक वेळी हा 'गैरसमज' नसतो

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सगळा खेळ अर्थ लावण्याचा. मग दुखावलेल्यानेच आपला अर्थ बदलावा! असं मुळीच नाही, आणि या लेखात सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे ते हेच.

एखाद्या मुलाला रोज त्याच्या रंगावरून, जातीवरून, बोबडेपणावरून किंवा आईच्या धुणीभांड्याच्या कामावरून चिडवलं जातं, तेव्हा तिथे भरायला रिकामी जागाच नसते. अर्थ सरळ असतो: तू आमच्यापेक्षा खालचा. त्या मुलाने तो अर्थ बरोबर ओळखलेला असतो. त्याला "मनावर घेऊ नको" सांगणं म्हणजे दुसऱ्याने टाकलेलं ओझं त्याच्याच डोक्यावर ठेवणं. वर त्याला हेही कळतं, की बाईंनासुद्धा यात काही वावगं वाटत नाही.

कायद्यानेही हा फरक मानला आहे. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा लोकांसमोर जातीवरून जाणूनबुजून अपमान करणं हा गुन्हा आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला जशी बंदी आहे, तशीच मानसिक छळालाही आहे. म्हणजे शब्दांनी इजा होते, हे आपल्याला कायदाच सांगतो.

मग ओळखायचं कसं? तक्रार आली की मनाशी हे चार प्रश्न विचारून पाहा:

• कशावरून बोललं? "तुझं चित्र फिकट आहे" हे कामाबद्दल झालं. रंग, जात, शरीर, गरिबी यांवरून बोलणं हे मुलाला बदलता न येणाऱ्या गोष्टीबद्दल झालं.
• किती वेळा? एकदा तोंडून निघालेलं वेगळं. रोजचं, ठरवून केलेलं वेगळं.
• त्याला उलट बोलता येतं का? दोघेही एकमेकांना नावं ठेवतात आणि पुन्हा एकत्र खेळतात, तर ती मैत्री असू शकते. एकच मूल नेहमी ऐकून घेतं, तर ती मैत्री नाही.
• हसतंय कोण? "गंमत केली" असं सांगणारा हसतोय आणि ज्याची गंमत केली तो रडतोय, तर ती गंमत नाही.

उत्तरं पहिल्या प्रकारची असतील तर समजूत घाला. दुसऱ्या प्रकारची असतील तर आधी ते थांबवा, समजूत नंतर. हेच प्रश्न आपण शिक्षकांनी स्वतःच्या विनोदांनाही लावायचे आहेत. वर्गात आपल्याला उलट बोलायची सोय मुलांना नसते.

७) वर्गात करून बघण्यासारखं

टकटक गाणं (तिसरीच्या पुढे) : दोघांच्या जोड्या करा. एकाने बाकावर ओळखीच्या गाण्याची चाल वाजवायची. वाजवण्याआधी "तो ओळखेल का?" हे विचारून फळ्यावर हो-नाही मांडा आणि शेवटी निकाल लिहा. मुलं खूप हसतात. मग विचारा, "तुझ्या मनात होतं ते त्याला का नाही कळलं?"

एक वाक्य, पाच स्वर : "तू आलास?" हे वाक्य आनंदाने, रागाने, आश्चर्याने, काळजीने आणि टोमणा मारल्यासारखं म्हणायला सांगा. शब्द न बदलता अर्थ कसा बदलतो, हे मुलांना स्वतःच्या कानांनी ऐकू द्या. भाषेच्या तासाला हे सहज बसतं.

आणखी काय कारण असेल? : "तिने मला हाक दिली तरी बघितलं नाही" अशी एखादी घटना सांगा आणि प्रत्येक गटाला तीन कारणं शोधायला लावा. 'चिडक्या' मुलाला याचा जास्त फायदा होतो. मात्र हा खेळ हेतू स्पष्ट नसलेल्या घटनांसाठीच ठेवा. खऱ्या चिडवण्यासाठी सबबी शोधायला लावू नका.

'मला' पासून सुरू होणारं वाक्य : "तू वाईट आहेस" ऐवजी "तू मला जाड्या म्हणालास, मला वाईट वाटलं, पुन्हा म्हणू नको." काय झालं, काय वाटलं, काय हवं, असे तीन तुकडे. हे वाक्य मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या, पाढे म्हणवतो तसं.

माफी कशी मागायची : "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नाही, यात चूक वाटणाऱ्याचीच ठरते. "मी तुला तसं म्हणालो, ते चुकलं" ही माफी. बळजबरीने हात मिळवायला लावू नका. थोडा वेळ द्या.

८) पालकांसाठी दोन गोष्टी

मूल घरी येऊन तक्रार सांगतं, तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत सल्ला देऊ नका. "तूही मार की मग" हेही नको आणि "तूच काहीतरी केलं असशील" हेही नको. "बरं, मग काय झालं?" एवढं विचारून पूर्ण ऐका. अर्धा राग ऐकून घेतल्यानेच उतरतो. उरलेला अर्धा खरा असेल, तर शाळेत येऊन आम्हाला सांगा.

दुसरी गोष्ट तुलनेची. "शेजारची बघ कशी अक्षर काढते" हे वाक्य आपण चांगल्या हेतूने बोलतो. मुलाला ऐकू येतं, की या घरात शेजारचीची किंमत जास्त. अक्षराबद्दल बोलायचं तर मुलाच्याच मागच्या महिन्याच्या वहीशी तुलना करा.

राग येऊच नये असं मूल घडवायचं नाही आपल्याला. अन्याय झाला की राग आलाच पाहिजे. चुकून लागलेला धक्का आणि मुद्दाम केलेला अपमान, यांतला फरक त्याला ओळखता यावा. पहिला सोडून देता यावा आणि दुसरा मोठ्याने सांगता यावा. आणि सांगितल्यावर ऐकून घेणारं कोणीतरी वर्गात आणि घरात असावं, एवढी जबाबदारी आपली. उद्या मधल्या सुट्टीनंतर कोणी "बाई, हा मला..." म्हणत आलं, तर गणिताच्या तासातली दोन मिनिटं त्याला द्या. उदाहरण फळ्यावर थांबलेलं चालेल.